कंटिन्युएशन आणि इफेक्ट हँडलर: भाषा बांधताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांनी एखादा छोटा इंटरप्रिटर लिहिला आहे आणि आता आपल्या भाषेत जनरेटर, असिंक किंवा इफेक्ट हँडलर आणायचे आहेत, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. उत्तरांत माझी मते ठामपणे आली आहेत. त्यांतले मुख्य मत आत्ताच सांगतो: एक कंटिन्युएशन (थांबवलेल्या प्रोग्रामचे बाकी काम) जास्तीत जास्त किती वेळा चालवू द्यायचे, हे कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी ठरवा. स्टॅकची रचना, लायब्ररीतली फंक्शने, ऑप्टिमायझर, फाइली बंद करण्याची शिस्त, सगळे त्या एका निर्णयावर अवलंबून असते.

कंटिन्युएशन म्हणजे नेमके काय?

प्रोग्राम चालू असताना कुठल्याही क्षणी थांबून विचारा, "आत्ता जे मोजतोय त्याचे उत्तर आले की पुढे काय काय करायचे बाकी आहे?" ते बाकी काम म्हणजे कंटिन्युएशन. १ + (२ × ३) मध्ये गुणाकार चालू असेल, तर बाकी काम आहे "जे येईल त्यात १ मिळव आणि ज्याने मागितले त्याला दे". एक मूल्य घेणारे आणि उरलेला प्रोग्राम पुरा करणारे फंक्शन, असेही त्याकडे बघता येते.

हे सगळे स्टॅकवर असतेच की. मग वेगळे काय करायचे?

असतेच. रिटर्न पत्ते आणि लोकल व्हेरिएबल बाळगणाऱ्या फ्रेमची चळत म्हणजेच कंटिन्युएशन. पण सी किंवा पास्कलमध्ये ही चळत एकाच तऱ्हेने वापरता येते: वरची फ्रेम संपली की खालची सुरू होते आणि संपलेली फ्रेम कायमची जाते. कंटिन्युएशन प्रोग्रामरच्या हाती द्यायचे म्हणजे या चळतीचा तुकडा व्हेरिएबलमध्ये ठेवता आला पाहिजे, दुसऱ्या फंक्शनला देता आला पाहिजे, नंतर कधीतरी चालवता आला पाहिजे. फ्रेमचे आयुष्य मग कॉल-रिटर्नच्या शिस्तीला बांधलेले राहत नाही. अवघड जाते ते इथेच.

ही कल्पना कुणाची?

एकाची नाही. सप्टेंबर १९६४ मध्ये व्हिएन्नाजवळच्या बाडेन गावी भाषांच्या औपचारिक वर्णनावर परिषद भरली होती. तिथे आद्रियान व्हान वाइनगार्डन यांनी अल्गोल ६० मधून गोटू आणि लेबले काढून टाकण्याची रीत मांडली: प्रत्येक प्रोसीजरला एक जादा पॅरामीटर द्यायचा, "तुझे झाले की हे चालव". पुढच्याच वर्षी पीटर लँडिन यांचा, बाकी काम मूल्य म्हणून हाती देणारा जे ऑपरेटर आला. १९७२ मध्ये जॉन रेनॉल्ड्स यांनी इंटरप्रिटरच्या रूपाने भाषा कशी समजावता येते ते दाखवले आणि त्यात कंटिन्युएशन मध्यभागी ठेवले. १९७४ मध्ये ऑक्सफर्डच्या स्ट्रेची आणि वॉड्सवर्थ यांनी उड्या मारणाऱ्या प्रोग्रामना गणिती अर्थ देण्यासाठी तेच वापरले. पुढे १९९३ मध्ये रेनॉल्ड्स यांनीच हा सगळा इतिहास लिहून काढला. वेगवेगळ्या अडचणी सोडवणारी माणसे स्वतंत्रपणे एकाच जागी पोचली, म्हणून या कल्पनेवर माझा एवढा विश्वास आहे.

इफेक्टचा याच्याशी काय संबंध?

इफेक्ट म्हणजे स्टेट वाचणे, एक्सेप्शन फेकणे, इनपुट मागणे अशी निव्वळ उत्तर मोजण्यापलीकडची क्रिया, आणि हँडलर म्हणजे तिची विनंती आली की काय करायचे ते सांगणारे कोड. एक्सेप्शनपासून सुरुवात करू. एक्सेप्शन फेकले की जवळचा हँडलर शोधला जातो आणि मधल्या सगळ्या फ्रेम टाकून दिल्या जातात. आता समजा त्या टाकून न देता हँडलरच्या हाती दिल्या: "ही विनंती आली आहे, आणि विनंती करणाऱ्याचे बाकी काम हे घे." त्या बाकी कामाचे काय करायचे ते हँडलर ठरवेल. त्याने ते कधीच चालवले नाही, तर झाले एक्सेप्शन. लगेच एखादे मूल्य देऊन चालवले, तर कॉन्फिगरेशन वाचणे किंवा स्टेट वाचणे झाले. रांगेत ठेवून सॉकेटवर डेटा आल्यावर चालवले, तर असिंक झाले. दोनदा चालवले, तर सगळे पर्याय धुंडाळणारा शोध झाला. एकाच यंत्रणेत हे सगळे बसते, आणि इफेक्ट वापरणाऱ्या कोडला यातले काहीच माहीत असावे लागत नाही.

शेवटचा प्रकार जवळून बघू. कोड मराठी अक्षरांत लिहितो:

```
हँडल {
  क = निवड() ? १० : २०
  ख = निवड() ? १ : २
  क + ख
}
जेव्हा निवड(), पुढे  =>  पुढे(खरे) ++ पुढे(खोटे)
जेव्हा परत(उ)        =>  [उ]
```

`++` दोन याद्या जोडते, आणि `परत(उ)` ची ओळ सांगते की ब्लॉक उ हे उत्तर देऊन संपला तर काय करायचे. पहिल्या निवडीपाशी प्रोग्राम थांबतो. `पुढे` म्हणजे "क ठरव, मग ख साठी निवड कर, मग बेरीज" एवढे काम. ते एकदा खरे आणि एकदा खोटे देऊन चालते, दोन्ही वेळा आत दुसरी निवड येते, आणि हाती लागते [११, १२, २१, २२]. हँडलर बदलून `पुढे(खरे)` एवढेच ठेवले, तर तोच प्रोग्राम [११] देतो.

सिद्धान्ताची वाट थोडक्यात अशी: १९८० च्या दशकाच्या शेवटी युजेनिओ मोज्जी यांनी इफेक्टचे वर्णन मोनॅडने (इफेक्टवाल्या पायऱ्या एकापुढे एक जोडण्याच्या गणिती रचनेने) केले, २००० नंतर गॉर्डन प्लॉटकिन आणि जॉन पॉवर यांनी इफेक्ट म्हणजे काही क्रिया आणि त्यांचे नियम असे बीजगणित मांडले, आणि २००९ मध्ये प्लॉटकिन व मातिया प्रेत्नार यांनी त्यात हँडलर आणला. स्लोव्हेनियातल्या ल्युब्ल्याना इथे प्रेत्नार आणि आंद्रेय बाउअर यांनी एफ नावाची भाषा बांधून हे चालवून दाखवले.

माझा साधा, स्वतःलाच कॉल करणारा इंटरप्रिटर आहे. सर्वांत आधी काय करू?

त्यातला यजमान भाषेचा (ज्या भाषेत इंटरप्रिटर लिहिला तिचा) स्टॅक काढून टाका आणि बाकी काम स्वतःच्या डेटा स्ट्रक्चरमध्ये ठेवा. हा बदल एकदा केला की पुढचे फार सोपे होते, म्हणून इथे मी थोडा रेंगाळणार आहे.

बेरजेपुरता विचार केला तर बाकी कामाच्या दोनच जाती आहेत: "उजवे पद अजून मोजायचे आहे" आणि "डावे मोजून झाले, आता येईल ते त्यात जोडायचे आहे". १ + (२ + ३) चा प्रवास असा होतो:

```
मोजा १ + (२ + ३)    बाकी: शेवट
मोजा १              बाकी: उजवे(२ + ३) → शेवट
मिळाले १            बाकी: उजवे(२ + ३) → शेवट
मोजा २ + ३          बाकी: जोड(१) → शेवट
मोजा २              बाकी: उजवे(३) → जोड(१) → शेवट
मिळाले २            बाकी: उजवे(३) → जोड(१) → शेवट
मोजा ३              बाकी: जोड(२) → जोड(१) → शेवट
मिळाले ३            बाकी: जोड(२) → जोड(१) → शेवट
मिळाले ५            बाकी: जोड(१) → शेवट
मिळाले ६            बाकी: शेवट
```

उजवीकडची लिंक्ड लिस्ट म्हणजे कंटिन्युएशन. इंटरप्रिटर आता एका साध्या लूपमध्ये चालतो. त्यामुळे खोल रिकर्शनने यजमानाचा स्टॅक फुटायची भीतीही जाते. सीपायथनमध्ये रिकर्शनची मर्यादा मुळात १००० असते, त्यामुळे पायथनमध्ये इंटरप्रिटर लिहिणाऱ्याला हा फायदा लगेच जाणवतो.

आता इफेक्ट आणा. `हँडल` लागला की लिस्टच्या डोक्यावर हँडलर(ह) अशी गाठ ठेवा. इफेक्टची विनंती आली की डोक्यापासून चालत निघा आणि ती विनंती ओळखणारी हँडलर गाठ भेटेपर्यंत जा. ओलांडलेला तुकडा म्हणजे `पुढे`. हँडलरचे कोड त्या गाठीच्या पलीकडच्या उरलेल्या लिस्टवर चालवा. कुणी `पुढे(मूल्य)` म्हटले की तो तुकडा सध्याच्या लिस्टच्या डोक्यावर जोडा आणि "मिळाले मूल्य" म्हणून लूप चालू ठेवा. एवढेच. लिस्टच्या गाठी कधीही बदलत नसतील, तर तोच तुकडा दोनदा जोडला तरी काही बिघडत नाही.

तुकड्यात हँडलरची गाठ घ्यायची की नाही?

घेतली तर तो डीप हँडलर: बाकी काम पुन्हा चालू झाले की त्याच हँडलरच्या छत्राखाली चालते. वरचे निवडीचे उदाहरण त्यावरच चालते. नाही घेतली तर शॅलो हँडलर: पुढच्या विनंतीसाठी नवा हँडलर द्यावा लागतो. दोन कोरुटीन (मधेच थांबून पुन्हा चालू होणारी फंक्शने) एकमेकांना मूल्ये देतात-घेतात तेव्हा शॅलो सोयीचा पडतो. एकच द्यायचा असेल तर डीप द्या.

स्कीमसारखे कॉल-सीसी द्यावे का?

माझे उत्तर स्पष्ट नाही असे आहे. कॉल-सीसी (call-with-current-continuation) हे स्कीम भाषेतले फंक्शन उरलेला अख्खा प्रोग्राम पकडते, अगदी "उत्तर स्क्रीनवर छाप आणि बाहेर पड" इथपर्यंत. एवढे जवळजवळ कधीच हवे नसते. शिवाय पकडलेल्या कंटिन्युएशनमध्ये गरज नसलेले बरेच काही अडकून पडते आणि गार्बेज कलेक्टरला ते सोडवता येत नाही. वर डायनॅमिक-वाइंडचे नियम येतात: एखाद्या ब्लॉकमधून बाहेर पडताना काय चालवायचे, पुन्हा आत शिरताना काय चालवायचे. ते नियम हँडलरशी जुळवताना डोके दुखते.

त्यापेक्षा सीमा आखून द्या: "इथून इथपर्यंतचेच बाकी काम." मथायस फेलायझन यांनी १९८८ मध्ये प्रॉम्प्ट (अशा सीमेची खूण) मांडला, ऑलिव्हिए डान्व्ही आणि आन्द्रेई फिलिन्स्की यांनी १९९० मध्ये शिफ्ट-रिसेट: रिसेट सीमा आखतो, शिफ्ट तिथपर्यंतचे काम पकडतो. अशा डिलिमिटेड कंटिन्युएशनचा तुकडा साध्या फंक्शनसारखा वागतो: मूल्य घेतो, उत्तर परत देतो, त्यामुळे दोन तुकडे एकापुढे एक जोडता येतात. १९९४ मध्ये फिलिन्स्की यांनी सिद्ध केले की ज्याची व्याख्या भाषेतच लिहिता येते असा कुठलाही मोनॅड शिफ्ट-रिसेट आणि एका स्टेटच्या खणाने साकारता येतो.

इंटरप्रिटर झाला. कंपायलरमध्ये फ्रेमचे काय करू?

इथे तीन वाटा आहेत, आणि प्रत्येक वाटेवर किंमत वेगवेगळ्या माणसाच्या खिशातून जाते. क्लिंगर, हार्टहाइमर आणि ऑस्ट यांनी १९८८ मध्येच यांची पद्धतशीर तुलना केली होती. तिचा गाभा आजही लागू आहे.

पहिली वाट: नेहमीचा सलग स्टॅक ठेवा, आणि कंटिन्युएशन पकडताना लागेल तेवढा भाग हीपमध्ये (कॉल-रिटर्नच्या शिस्तीबाहेरच्या मेमरीत) कॉपी करा. जे इफेक्ट वापरत नाहीत त्यांना काहीच भुर्दंड नाही. पण खोल स्टॅकवर वारंवार पकडणाऱ्याला प्रत्येक वेळी सगळी कॉपी करावी लागते. जनरेटरने १०,००० मूल्ये दिली तर त्याच फ्रेम १०,००० वेळा इकडून तिकडे जातात.

दुसरी वाट: स्टॅकच ठेवू नका, प्रत्येक फ्रेम हीपमध्ये बनवा. स्टँडर्ड एमएलचा न्यू जर्सी कंपायलर याचे ठळक उदाहरण. प्रोग्राम कंटिन्युएशन-पासिंग रूपात (प्रत्येक फंक्शनला त्याचे बाकी काम पॅरामीटर म्हणून देऊन) बदलला की रिटर्न असा प्रकार उरतच नाही, फक्त कॉल उरतात. तिथे कंटिन्युएशन पकडायचे म्हणजे एक पॉइंटर उचलायचा. किंमत मात्र प्रत्येक फंक्शन कॉल थोडी थोडी मोजतो: कलेक्टरवर भार, आणि कॉल-रिटर्नच्या जोड्यांवर विसंबणाऱ्या प्रोसेसरच्या अंदाजांचा लाभ नाही. आतले रूप कंटिन्युएशन-पासिंग ठेवले म्हणून फ्रेमही हीपमध्येच गेल्या पाहिजेत असे नाही. स्टील यांच्या १९७८ च्या रॅबिट कंपायलरनंतर या दोन निर्णयांची लोक नेहमी गल्लत करतात. दुसरीकडे १९९३ मध्ये फ्लॅनॅगन, साबरी, ड्युबा आणि फेलायझन यांनी दाखवले की त्या रूपाचे बरेचसे फायदे ए-नॉर्मल फॉर्ममध्ये (प्रत्येक मधल्या उत्तराला नाव देणाऱ्या रूपात), कंटिन्युएशन उघडे न लिहिताही मिळतात.

तिसरी वाट मला सर्वांत सुंदर वाटते: स्टॅकचे तुकडे, म्हणजे सेगमेंट. हीब, डिब्व्हिग आणि ब्रुगमन यांनी १९९० मध्ये शे स्कीम या स्कीम कंपायलरसाठी ती मांडली. पकडायची वेळ आली की काहीच कॉपी करायचे नाही. चालू सेगमेंटचा भरलेला भाग कंटिन्युएशन म्हणून बाजूला काढायचा, उरलेल्या रिकाम्या भागात नवा स्टॅक सुरू करायचा, आणि त्याच्या तळाशी रिटर्न पत्त्याच्या जागी एका खास रुटीनचा पत्ता ठेवायचा. फंक्शन रिटर्न होत होत तळाशी आले की ते रुटीन जागे होते आणि मागचा तुकडा परत बसवते. परत बसवताना मोठा सेगमेंट आधी छेदून त्यातला वरचा लहान भागच कॉपी केला जातो, त्यामुळे एका वेळचा खर्च बांधलेला राहतो.

सेगमेंट जोडून स्टॅक वाढवायचा असेल तर एक खड्डा जपून टाळा. सेगमेंटच्या अगदी काठावर लूप असेल आणि लूपमधून फंक्शन कॉल होत असेल, तर प्रत्येक फेरीत नवा सेगमेंट जोडला जातो आणि सोडला जातो. गो भाषेला हा त्रास झाला आणि २०१४ मध्ये १.३ आवृत्तीत त्यांनी सेगमेंट सोडून "स्टॅक भरला की मोठा सलग स्टॅक घे आणि सगळे तिकडे हलव" ही पद्धत स्वीकारली. रस्टनेही २०१३ मध्ये सेगमेंटेड स्टॅक सोडले.

एकदाच चालवता येणारे कंटिन्युएशन पुरेसे आहे का?

बहुतेक भाषांना, हो. असिंक, जनरेटर, हलके थ्रेड, स्टेट, एक्सेप्शन यांतल्या कशालाही तेच कंटिन्युएशन दुसऱ्यांदा चालवावे लागत नाही. दुसऱ्यांदा लागते ते बॅकट्रॅकिंग, संभाव्यतेचे प्रोग्रामिंग अशा ठिकाणी. एकदाच चालवायचे ठरले की फ्रेम कॉपी करायची गरजच संपते, तुकडा आहे तसा हलवता येतो. ब्रुगमन, वॉडेल आणि डिब्व्हिग यांनी १९९६ मध्ये शे स्कीममध्ये ही वन-शॉट वाट वेगळी काढली ती यासाठीच.

पण वेगापेक्षाही मला दुसरे कारण जास्त महत्त्वाचे वाटते. समजा तुमच्या लायब्ररीत ॲरेवर चालणारे मॅप फंक्शन आहे. ते आधी रिकामा ॲरे घेते आणि एकेक खण भरत जाते. [०, ०] या ॲरेवर ते चालवा, कॉलबॅकमध्ये `निवड() ? १ : २` लिहा, आणि बाहेर वरचाच सगळे पर्याय गोळा करणारा हँडलर ठेवा. अपेक्षा असते [१, १], [१, २], [२, १], [२, २] अशी. हाती येतो [२, २] चारदा. चारही वाटा एकाच ॲरेत लिहीत होत्या आणि शेवटची वाट उरली. मॅप लिहिणाऱ्याचे काहीच चुकलेले नाही. आपले उरलेले काम चार वेळा चालेल हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. अनेकदा चालणारे कंटिन्युएशन भाषेत आणले की आजवर लिहिलेल्या प्रत्येक लायब्ररीचा असा करार गुपचूप बदलतो. ऑप्टिमायझरचीही तीच गत: एखाद्या ओळीवरून एकदा पुढे गेलो की मागे येणार नाही, हे त्याने गृहीत धरलेले असते.

तुमची भाषा पूर्णपणे न बदलणाऱ्या डेटावर उभी असेल, तर अनेकदा चालू द्या. नाहीतर एकदाच, आणि दुसऱ्यांदा चालवायचा प्रयत्न झाला की स्पष्ट एरर.

ओकॅमल ५ ने आत काय केले?

डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ओकॅमल ५.० मध्ये इफेक्ट हँडलर आले. मोठ्या प्रमाणावर वापरात असलेल्या, जुन्या भाषेत ही गोष्ट नंतर बसवण्याचे इतके काळजीपूर्वक केलेले काम मी दुसरे पाहिलेले नाही. आयआयटी मद्रासचे के. सी. शिवरामकृष्णन, तसेच स्टीफन डोलन, लिओ व्हाइट, अनिल माधवपेड्डी आणि त्यांचे सहकारी यामागे आहेत.

प्रत्येक हँडलरखालचे कोड स्वतःच्या फायबरवर चालते. फायबर म्हणजे हीपवर घेतलेला चिमुकला सलग स्टॅक. भरला की मोठा घेऊन सगळे तिकडे हलवले जाते. फायबर एकमेकांना पालक-पाल्य अशा साखळीने जोडलेले असतात. विनंती झाली की चालू फायबर साखळीतून सुटतो आणि पालकाचा हँडलर बघितला जातो. त्याला ती विनंती ओळखीची नसेल तर तोही फायबर सुटलेल्या साखळीत जोडला जातो आणि शोध वर सरकतो. कंटिन्युएशन म्हणजे ही सुटलेली साखळी, आणि ती बनताना एकही फ्रेम कॉपी होत नाही. `कंटिन्यू` केले की साखळी परत जोडली जाते. तीच पुन्हा जोडायला गेलात तर रनटाइम एक्सेप्शन फेकतो.

सी मधल्या फंक्शनांना चिमुकला स्टॅक चालत नाही, म्हणून सी कॉल सिस्टिमच्या मोठ्या स्टॅकवर जातात. सी मधून पुन्हा ओकॅमलमध्ये आलेल्या कॉलबॅकने सी च्या पलीकडच्या हँडलरकडे विनंती केली तर ती तिथे पोचत नाही, कारण मधली सी ची फ्रेम उचलता येत नाही. डीबगरमध्ये फायबर ओलांडून पूर्ण बॅकट्रेस दिसावा यासाठीही त्यांनी बरेच कष्ट घेतले. इफेक्ट न वापरणाऱ्या प्रोग्रामवर सरासरी भुर्दंड १ टक्क्याच्या आसपास पडतो असे त्यांनी २०२१ च्या शोधनिबंधात मोजून दाखवले. जुन्या भाषेत काही नवे बसवायचे तर वापर न करणाऱ्याला धक्का लागता कामा नये, हा दंडक मला फार मोलाचा वाटतो.

हँडलर शोधत वर जाणे महाग नाही का?

हँडलर खूप खोल असतील आणि विनंत्या लहान पण अगणित असतील, तर आहे. "सध्याचे स्टेट दे" एवढ्यासाठी दर वेळी साखळी चढायची हे परवडत नाही. दान लेयन यांच्या कोका भाषेने यावर चांगला तोडगा काढला. लेयन आणि निंगनिंग शे यांच्या पद्धतीत सध्या लागू असलेले हँडलर एका व्हेक्टरच्या रूपात प्रत्येक इफेक्टवाल्या फंक्शनला सोबत दिले जातात. कुठला हँडलर कुठल्या जागी आहे हे बऱ्याचदा टाइपवरूनच कळते, त्यामुळे शोधावे लागत नाही.

दुसरे निरीक्षण त्याहून कामाचे आहे: बहुतेक हँडलर शेवटची गोष्ट म्हणून `पुढे(मूल्य)` एवढेच करतात. तिथे कंटिन्युएशन पकडायचेच कशाला? हँडलरचे कोड साध्या फंक्शनसारखे जागच्या जागी चालवा आणि उत्तर परत द्या. इतर कुठलेही ऑप्टिमायझेशन करण्याआधी हे करा.

जावाचे व्हर्च्युअल थ्रेड, पायथनचे जनरेटर, असिंक-अवेट ही कंटिन्युएशनच का?

हो, पण काटछाट केलेली. पायथनचा जनरेटर फक्त स्वतःची एक फ्रेम बाजूला ठेवतो. आतून कॉल केलेल्या फंक्शनमधून बाहेरच्यासाठी यील्ड करता येत नाही, म्हणून २०१२ मध्ये ३.३ आवृत्तीत "यील्ड फ्रॉम" आणावे लागले. त्याच वर्षी सी शार्प ५ मध्ये आलेले असिंक-अवेट कंपायलर स्टेट मशीनमध्ये बदलतो: अवेटच्या पलीकडे लागणारे प्रत्येक लोकल व्हेरिएबल एका स्ट्रक्चरचे फील्ड होते. रनटाइमला हात न लावता हे करता येते, हा मोठा फायदा. बदल्यात प्रत्येक फंक्शनवर असिंक आहे की नाही याचा शिक्का बसतो आणि मॅपसारखी फंक्शने दोनदा लिहावी लागतात.

जावाने २०२३ मध्ये जेडीके २१ मधून पक्के केलेले व्हर्च्युअल थ्रेड आत वन-शॉट डिलिमिटेड कंटिन्युएशनवरच उभे आहेत. थ्रेड अडकला की त्याच्या फ्रेम हीपमध्ये कॉपी होतात. परत येताना सगळ्या एकदम न आणता वरच्या थोड्याच आणल्या जातात, बाकीच्या रिटर्न होत होत लागतील तशा. सिंक्रोनाइज्ड ब्लॉकमध्ये अडकलेला थ्रेड सिस्टिमच्या मूळ थ्रेडलाही अडकवून ठेवत असे. ते बंधन मार्च २०२५ च्या जेडीके २४ मध्ये बहुतांशी गेले. नेटिव्ह (सी सारख्या कोडची) फ्रेम मध्ये असली तर ते अजूनही आहे, ओकॅमलमध्ये आहे त्याच कारणाने.

मोनॅड आहेत की. हे कशाला?

लायब्ररी म्हणून मोनॅड छानच आहेत. पण थरावर थर चढले की प्रत्येक पायरीवर क्लोजर बनतात आणि कंपायलरला त्यातून आरपार बघता आले नाही तर वेग पडतो. हास्केलच्याच जगात हे जाणवले, म्हणून अलेक्सिस किंग यांच्या प्रस्तावावरून २०२३ च्या जीएचसी (हास्केलचा कंपायलर) ९.६ मध्ये रनटाइमच्या पातळीवर प्रॉम्प्ट आणि कंट्रोल आले.

इफेक्ट टाइपमध्ये दाखवावेत का?

नवी भाषा असेल तर दाखवा. कोकामध्ये फंक्शनच्या टाइपवर ते कुठले इफेक्ट करते त्याची रो, म्हणजे यादी असते, आणि हँडलर लावला की त्यातून तो इफेक्ट वजा होतो. ओकॅमलमध्ये टाइपवर काहीच दिसत नाही; हँडलर विसरलात तर चालताना अनहँडल्ड एक्सेप्शन येते. जुन्या भाषेच्या सगळ्या लायब्ररींचे टाइप बदलणे शक्य नव्हते, त्यामुळे तिथे तो निर्णय मला समजतो.

कंटिन्युएशन चालवलेच नाही, तर आतल्या उघड्या फाइलचे काय?

ती उघडीच राहते. फ्रेमची मेमरी कलेक्टर घेईल, पण त्या फ्रेममधला "शेवटी हे कर" ब्लॉक कुणी चालवत नाही. म्हणून ओकॅमलमध्ये शिस्त अशी आहे की प्रत्येक कंटिन्युएशन एकदा तरी संपवायचेच: मूल्य द्यायचे असेल तर `कंटिन्यू`, नको असेल तर `डिसकंटिन्यू`. `डिसकंटिन्यू` म्हणजे त्या थांबलेल्या जागी एक्सेप्शन फेकायचे, जेणेकरून आतले साफसफाईचे ब्लॉक चालतील. तुमच्या भाषेत हे पहिल्या आवृत्तीपासून द्या. डीप हँडलर `पुढे` न वापरता संपला, तर कंपायलरने आपणहून डिसकंटिन्यू घालणे हाही चांगला पर्याय आहे.

सगळे नीट झाले की नाही, हे तपासायचे कसे?

छोट्या उदाहरणांवर चुकीची अंमलबजावणीही बरोबर दिसते, म्हणून मुद्दाम त्रास देणारे प्रोग्राम लिहा. १०,००,००० पातळ्या खोल रिकर्शन हँडलरच्या आत चालवा. एका हँडलरच्या आत पकडलेले कंटिन्युएशन तो हँडलर संपल्यावर, दुसऱ्याच हँडलरच्या आतून चालवा आणि आतल्या विनंत्या नेमक्या कुणाकडे जातात ते बघा. झाडावर रिकर्सिव्ह फिरणारा जनरेटर लिहा आणि झाडाची खोली दुप्पट केली की एका मूल्यामागचा वेळ किती वाढतो ते मोजा. कुठे नकळत कॉपी होत असेल तर इथे उघडी पडते. चालू केलेल्या कंटिन्युएशनमधून एक्सेप्शन फेका आणि बॅकट्रेस वाचा.

आणि सर्वांत चिवट चुका पकडणारी चाचणी अशी: एखादा ऑब्जेक्ट असा बनवा की त्याचा एकमेव पॉइंटर थांबलेल्या कंटिन्युएशनच्या फ्रेममध्येच असेल. कलेक्टर जबरदस्तीने चालवा, मग कंटिन्युएशन चालू करून तो ऑब्जेक्ट वाचा. नंतर कलेक्टरला प्रत्येक ॲलोकेशनपाशी धावायला लावून हीच चाचणी पुन्हा करा, कारण फ्रेम हलवण्याच्या अर्धवट अवस्थेत तो आला तरच काही चुका दिसतात.